मांतोवा गावातील तळ्यांचे काठ आणि बागा : सासूबाईंना घेऊन जाताना काय पाहावे?

धरमपेठकर (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी इटलीतील वेरोना येथे शिकत असून येत्या उन्हाळ्यात मी, पत्नी आणि माझ्या सासूबाई असे तिघेजण तिच्याकडे काही आठवडे राहण्यास जाणार आहोत. व्हेनिस आणि मिलानविषयी वाचायला हवे तेवढे मिळते. त्याबद्दल मी येथे विचारत नाही. मला ओढ आहे ती वेरोनाच्या दक्षिणेस असलेल्या मांतोवा या जुन्या गावाची. नोकरीची सारी वर्षे पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले आणि तेही माणसाने अडवलेल्या पाण्याने वेढलेले गाव, एवढे वाचूनच माझे मन तेथे गुंतले आहे.

अडचण अशी की, मांतोव्याविषयी जे काही हाती लागते ते राजवाडे आणि भित्तिचित्रे यांच्याभोवतीच फिरते. सासूबाईंची पंचाहत्तरी उलटली आहे. त्या रोज सकाळी तेलंगखेडीच्या बागेत फेऱ्या मारतात आणि सपाट वाटेवर त्यांची चाल माझ्याहून बरी आहे. परंतु पायऱ्या चढणे त्यांना जमत नाही आणि संग्रहालयात तासन्तास उभे राहण्याची त्यांची मुळीच इच्छा नाही. झाडे, पाणी आणि बसायला बाक एवढे असले की त्यांचा दिवस चांगला जातो.

म्हणून ज्यांनी हे गाव पाहिले आहे त्यांना विचारतो की, तेथील कोणत्या बागा आणि तळ्यांचे कोणते काठ खरोखर वेळ काढून बसण्याजोगे आहेत, तिकीट काढून पाहावे असे काय आहे, आणि होडीची फेरी अशा वयाच्या व्यक्तीला झेपेल काय? जुलैचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा आरंभ, यांपैकी एक काळ आम्हाला निवडता येईल. वेरोनाहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचे, असे सध्या मनात आहे.

अडीजेकाठचा नागपूरकर

नमस्कार. नोकरीनिमित्त मी वेरोनात राहत होतो आणि सुटीच्या दिवशी गर्दीतून सुटण्यासाठी मांतोवा गाठत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम पाण्याविषयी, कारण तो आपला विषय आहे आणि ते समजल्याशिवाय त्या गावाची रचना लक्षात येत नाही. गार्डा सरोवरातून पेस्किएरा येथे बाहेर पडणारी मिंचो नदी मांतोव्याजवळ सपाट, दलदलीच्या प्रदेशात पसरत असे. बाराव्या शतकाच्या अखेरीस, 1190 च्या सुमारास, आल्बेर्तो पितेंतिनो या जलस्थापत्यकाराने तिला बांध घालून गावाभोवती चार तळी केली. त्यांतील दक्षिणेचे पायोलो तळे अठराव्या शतकात आटवले गेले. उरलेली तीन, म्हणजे वरचे, मधले आणि खालचे, ही आजही गावाला पश्चिम, उत्तर आणि पूर्व अशा बाजूंनी कवेत घेऊन आहेत. वरचे तळे आणि मधले तळे यांच्यामध्ये जो पोंते देई मुलिनी, म्हणजे गिरण्यांचा पूल आहे, तोच मूळचा बांध. वरच्या तळ्याची पातळी मधल्याहून उंच असल्याने त्या उताराच्या बळावर पूर्वी तेथे बारा पाणचक्क्या चालत आणि त्यांना येशूच्या बारा शिष्यांची नावे होती. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत तो जुना पूल गेला आणि आता तेथून वाहनांचा रस्ता जातो. आपण तेथे थांबून दोन्ही बाजूंची पातळी पाहालच. घरच्या मंडळींना मात्र त्या रहदारीत उभे करू नये.

त्यापेक्षा गावाच्या पोटातून जाणारा रिओ नावाचा कालवा त्यांना दाखवावा. वरच्या तळ्याचे पाणी खालच्या तळ्यात नेणारा हा कालवाही पितेंतिनोच्या नावावर सांगितला जातो. जुलिओ रोमानो या चित्रकार-स्थापत्यकाराने 1536 मध्ये बांधलेल्या मासळीबाजाराच्या कमानींपाशी त्याचे सर्वांत देखणे दर्शन होते आणि पाण्यालगत थोडी हिरवळही आहे.

आता बसण्याच्या जागा. स्थानक गावाच्या पश्चिमेस, वरच्या तळ्याच्या जवळच आहे, आणि तेथून चालत गेल्यास बेल्फिओरेची बाग लागते. तिच्याकडे पर्यटक सहसा फिरकत नाहीत, कारण सगळ्यांना चौकांकडे जायची घाई असते. याच बेल्फिओरे परिसरात ऑस्ट्रियाच्या सत्तेने 1850 च्या दशकात इटालियन देशभक्तांना फाशी दिले, त्यामुळे स्थानिक माणसांच्या मनात त्या नावाचे वजन वेगळे आहे. गावाच्या उत्तर अंगाला पियाझ्झा व्हिर्जिल्याना आहे. नावात चौक असला तरी ती प्रत्यक्षात मोठ्या झाडांची प्रशस्त बाग आहे. पूर्वीची ही दलदलीची जागा फ्रेंच अमलात भरून काढून तिला आजचे रूप दिले गेले. लॅटिन महाकवी व्हर्जिल याचा जन्म इ. स. पूर्व 70 मध्ये मांतोव्याजवळच्या खेड्यात झाला आणि त्याचे भव्य स्मारक 1927 मध्ये या बागेत उभारण्यात आले. दुपारी दोन ते चार या वेळेत, जेव्हा दुकाने बंद असतात आणि ऊन टोचते, तेव्हा सासूबाईंसाठी याहून चांगली जागा गावात नाही. तेथून मधल्या तळ्याचा काठ जवळच आहे. काठाने हिरवळ, झाडे आणि पायवाट आहे. जमीन सपाट आहे आणि पैसे कोठेच लागत नाहीत.

सान जॉर्जोचा पूल ओलांडून पलीकडे, स्पाराफुचिलेच्या गढीच्या बाजूला गेल्यास राजवाडा, किल्ला, घुमट आणि मनोरे असे सारे गाव पाण्यावर ठेवल्यासारखे दिसते. मांतोव्याची जी छायाचित्रे आपण पाहिली असतील, त्यांपैकी बहुतेक येथूनच घेतलेली असतात. आपण पूर्वेकडून पाहत असल्याने सकाळी इमारतींवर ऊन पडलेले असते आणि संध्याकाळी सूर्य गावाच्या मागे उतरतो. दोन्ही वेळा चांगल्या आहेत, पण भर दुपारी तेथे सावली नाही. एक स्पष्ट सांगतो. खालच्या तळ्याच्या पलीकडे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि तिच्या चिमण्या दृष्टीस पडतात. या औद्योगिक पट्ट्याच्या आणि तळ्यांच्या प्रदूषणाची नोंद तेथील सरकारने राष्ट्रीय पातळीवर शुद्धीकरण करावयाच्या स्थळांमध्ये केलेली आहे. ही तळी पाहण्याची आहेत, पोहण्याची नाहीत. माहितीपत्रकांत हे लिहिलेले नसते. ज्याने नाग नदी पाहिली आहे त्याला ते सांगावे लागत नाही.

तिकिटाच्या ठिकाणांपैकी एकच निवडायचे असेल, तर पालाझ्झो दुकाले या मोठ्या राजवाड्याऐवजी गावाच्या दक्षिण टोकाचा ‘पालाझ्झो ते’ नावाचा प्रासाद निवडावा. मांतोव्याचा सत्ताधीश फेदेरिको गोन्झागा याच्यासाठी जुलिओ रोमानोने 1525 ते 1535 या काळात ते विसाव्याचे ठिकाण म्हणून बांधले, तेव्हा ही जागा पायोलो तळ्यातील बेट होती. मुख्य दालने तळमजल्यावरच असल्याने पायऱ्यांचा त्रास नाही. दालने पाहून बाहेर पडले की माशांचे हौद, त्यांपलीकडे मोठी बाग आणि तिच्या शेवटी अर्धवर्तुळाकार कमानींची रांग असा मोकळा पसारा समोर येतो, आणि एका कोपऱ्यात छोटी ‘गुप्त बाग’ व तिची शंखशिंपल्यांनी सजवलेली गुहा आहे. राक्षसांच्या दालनात मात्र सासूबाईंना अवश्य न्यावे. भिंती आणि छत यांतील सीमाच पुसून टाकणारे ते चित्र पाहताना संग्रहालयाचा कंटाळा आठवत नाही.

कमलिनी

धरमपेठकर यांच्या प्रश्नात जुलैचा उल्लेख वाचला आणि मला राहवले नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि मांतोव्याला गेले ती केवळ तेथील कमळांसाठी.

वरच्या तळ्यात जुलै आणि ऑगस्टमध्ये कमळांचे जे रान माजते, ते पाहून आपल्या पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांवर वाढलेल्या माणसालाही थांबावे लागते. ही वनस्पती आपलीच आहे, नेलुम्बो न्यूसिफेरा, आणि इटलीत ती मूळची नाही. 1921 मध्ये मारिया पेल्लेग्रेफी या निसर्गविज्ञानाच्या तरुण अभ्यासिकेने तिचे कंद येथे लावले. उथळ पाणी, गाळाने सुपीक झालेला तळ आणि संथ प्रवाह असे तिन्ही हवे तसे मिळाल्याने कमळाने तळ्याचा मोठा भाग व्यापला. आज तेथील मिंचो उद्यानाचे प्रशासन ठरावीक पट्ट्यांत कमळे कापून पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवते, कारण कमळाच्या पानांच्या दाट छताखाली प्रकाश पोहोचत नाही आणि पाण्यातील इतर वनस्पती दबतात. पर्यटकाला जे सौंदर्य वाटते तेच व्यवस्थापकाला डोकेदुखी वाटावे, ही स्थिती अंबाझरीतील जलपर्णीची काढणी पाहिलेल्या नागपूरकरास अपरिचित नसावी; फरक इतकाच की, कमळ काढून टाका असे म्हणण्यास तेथे आता कोणी धजत नाही, कारण ते गावाचे चिन्ह होऊन बसले आहे.

मला अधिक आनंद झाला तो कमळांच्या कडेला शिंगाड्याची पाने तरंगताना पाहून. ट्रापा नॅटन्स ही तेथील जुनी रहिवासी आहे आणि तिची फळे त्या भागात पूर्वापार उकडून खाल्ली जात. आपल्याकडे हिवाळ्यात शिंगाडे हातगाडीवर येतात, त्यांचीच ही जवळची नातलग असून तिच्या फळाची शिंगे अधिक टोकदार असतात. आपल्या सासूबाई ते नक्की ओळखतील.

गावाच्या वरच्या बाजूला, नदी तळ्यात शिरण्यापूर्वी, बोरू आणि लव्हाळ्यांची विस्तीर्ण दलदल आहे. व्हाल्ली देल मिंचो या नावाने ती ओळखली जाते आणि रामसर करारान्वये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा आहे. तेथील बोरूच्या बेटांत जांभळा बगळा घरटी करतो. ज्यांना पक्ष्यांची आवड आहे त्यांनी दुर्बीण विसरू नये.

होडीविषयी माझे मत असे आहे की, गावाच्या काठावरून सुटणाऱ्या मोठ्या बोटीऐवजी सुमारे आठ किलोमीटर पश्चिमेस असलेल्या ग्राझिये या खेड्यातून नावाड्यांच्या सपाट तळाच्या होडीत बसावे. मोठी बोट कमळांच्या कडेने जाते. ही लहान होडी पट्ट्यांमधून आत शिरते आणि पाने हाताला लागतात. सकाळी लवकर जावे. कमळ पहाटे उमलते आणि उन्हे चढली की पाकळ्या मिटू लागतात, त्यामुळे दुपारी तीनची फेरी घेणाऱ्यांच्या वाट्याला हिरवी पानेच अधिक येतात. ग्राझियेचे देऊळही तळ्याच्या काठावरच आहे आणि त्याच्या छताला एक खरीखुरी वाळवलेली मगर टांगलेली आहे. ती तेथे का, हे मी सांगत नाही. प्रत्येक गावकरी वेगळी कथा सांगतो.

जुलैच जमवावे, असा माझा आग्रह आहे.

सायकलवाट

कमलिनीताईंच्या कमळप्रेमाचा आदर राखून मी विरुद्ध बाजूने लिहितो, कारण प्रश्न पंचाहत्तरी उलटलेल्या आजींच्या सोयीचा आहे.

पो नदीच्या खोऱ्यातील जुलै हा तापमानाच्या आकड्यावरून जोखता येत नाही. आकडा तिशीच्या आसपास असतो आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणारा आपला माणूस तो ऐकून हसतो. परंतु तेथील हवा दमट आणि कोंडलेली असते, वारा पडलेला असतो, आणि तळ्यांमुळे संध्याकाळी डासांचे थवे उठतात. त्यांच्यापासून बचावाचे मलम न लावता सूर्यास्ताला काठावर बसणे म्हणजे शिक्षाच आहे. फुटाळ्यावर संध्याकाळी जो वारा मिळतो, तसा तेथे मिळेल असे गृहीत धरू नये. ऑगस्टच्या मध्यावर तर तिकडे जाऊच नये असे मी म्हणेन, कारण 15 ऑगस्टला ग्राझिये येथे मोठी जत्रा भरते. तिच्यात रस्त्यावर खडूने धार्मिक चित्रे काढणारे कलावंत 1973 पासून जमतात. चित्रे पाहण्यासारखी असतात, पण गर्दी आजींना पेलणारी नसते.

सप्टेंबरच्या आरंभी हवा उतरते आणि उजेड मऊ होतो. कमळे तोवर ओसरलेली असतात हे खरे, परंतु त्यांची बियांची बोंडे आणि पिवळी पडू लागलेली पाने यांनाही शोभा असते. एकच सावधगिरी बाळगावी. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मांतोव्यात मोठा साहित्य महोत्सव भरतो. 1997 पासून चालत आलेल्या या महोत्सवात चौक आणि राजवाड्यांची अंगणे व्याख्यानांसाठी वापरली जातात आणि मुक्कामाच्या खोल्या फार आधी भरतात. आपण वेरोनाहून ये-जा करणार असल्याने मुक्कामाचा प्रश्न नाही, पण त्या दिवसांत गाड्यांना गर्दी असते. महोत्सवाच्या तारखा पाहून त्यांच्या अलीकडचा किंवा पलीकडचा दिवस धरावा.

दुसरे असे की, बागेची खरी हौस असेल तर केवळ मांतोव्यावर थांबू नये. मिंचोच्याच काठी, वेरोना आणि मांतोवा यांच्या दरम्यान, व्हालेज्जो येथे सिगुर्ता उद्यान आहे. सुमारे 60 हेक्टरांचे हे खासगी उद्यान 1978 पासून लोकांसाठी खुले आहे. वसंतातील ट्यूलिपसाठी त्याची ख्याती असली तरी सप्टेंबरमध्येही हिरवळ, तळी आणि जुने वृक्ष यांसाठी ते पाहावे. आत छोटी आगगाडीसारखी गाडी फिरते, त्यामुळे ज्यांना चालवत नाही त्यांचीही सोय होते. जवळच बोर्गेत्तो नावाची पाणचक्क्यांची वस्ती नदीतच वसल्यासारखी आहे; मांतोव्यातील ज्या बारा चक्क्या आता उरल्या नाहीत, त्या कशा असतील याची थोडीफार कल्पना तेथे येते.

धरमपेठकर यांना स्वतःला एक दिवस मोकळा मिळाला, तर पेस्किएराहून मांतोव्यापर्यंत नदीकाठाने जाणारी सुमारे 45 किलोमीटरची सायकलवाट सोडू नये. ती जवळजवळ पूर्ण सपाट आहे आणि वाटेत सालिओन्झे येथे गार्डा सरोवराचा विसर्ग नियंत्रित करणारे दरवाजे लागतात. पाटबंधाऱ्याच्या माणसाला व्हर्जिलच्या स्मारकापेक्षा ते अधिक आवडतील, असा माझा अंदाज आहे.

धरमपेठकर

तिघांचेही मनापासून आभार. सालिओन्झेचे दरवाजे मी पाहणारच. पत्नीने हे सारे वाचून एक शंका काढली आहे. राजवाड्याच्या आतही बागा आहेत असे तिने ऐकले आहे. एवढ्या मोठ्या राजवाड्याला पूर्ण बगल द्यावी की काही भाग पाहता येईल? शिवाय गावातील रस्ते दगडी आहेत असे छायाचित्रांत दिसते. चाकांची खुर्ची सोबत न्यावी काय?

अडीजेकाठचा नागपूरकर

वहिनींची शंका योग्य आहे. पालाझ्झो दुकालेमध्ये पाचशेहून अधिक खोल्या आहेत आणि दालनांबरोबर अंगणे व बागा यांचीही मालिका आहे. त्यांतील दोन विशेष आहेत. एक सोळाव्या शतकातील अधांतरी बाग, जी कमानींच्या आधारावर माती चढवून वरच्या मजल्याच्या पातळीवर केलेली आहे. दुसरी औषधी वनस्पतींची बाग, जिची मांडणी 1603 मध्ये झेनोबिओ बोक्की या फ्रान्सिस्कन साधूने केली. परंतु या बागा बहुतांशी दालनांच्या ओघात, खिडकीतून किंवा कडेने पाहण्याच्या आहेत. तेथे बाकावर तासभर बसावे असा त्यांचा स्वभाव नाही. म्हणून माझा सल्ला असा की, वहिनी आणि मुलगी यांनी मांतेन्या या चित्रकाराने 1465 ते 1474 या काळात रंगवलेले दालन पाहण्यासाठी आगाऊ वेळ आरक्षित करून आत जावे आणि आपण सासूबाईंसह जवळच्या सार्वजनिक बागेत किंवा तळ्याकाठी थांबावे. राजवाडा सोमवारी बंद असतो, हे दिवस ठरवताना ध्यानात ठेवावे.

रस्त्यांविषयी आपण म्हणता ते खरे आहे. जुन्या चौकांत, विशेषतः राजवाड्यासमोरच्या पियाझ्झा सोर्देल्लोमध्ये, नदीतले गोटे बसवलेली फरसबंदी आहे. तिच्यावर चाकांची खुर्ची खडखडते आणि पातळ तळाच्या चपलेत पाय दुखतात. पण अनेक ठिकाणी मध्यभागी सपाट दगडांची पट्टी असते, तिच्यावरून चालावे. जाड तळाचे बूट आणि एक काठी पुरेल. काठावरच्या पायवाटा मात्र सर्वत्र सोप्या आहेत. वेरोनाहून प्रादेशिक गाडीने साधारण पाऊण तास लागतो. स्थानकावर कागदी तिकीट घेतले तर गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, अन्यथा तिकीट असूनही दंड होतो.

कमलिनी

दोन काळांत निवड होत नसेल तर जुलैचा उत्तरार्ध ठेवून दिवसाची आखणी उलटी करावी. पहिल्या गाडीने निघावे आणि स्थानकावरून थेट ग्राझियेकडे जाऊन सकाळची होडी घ्यावी, दुपार व्हर्जिलच्या बागेत झाडांखाली काढावी आणि डास उठण्यापूर्वीच परतीची गाडी पकडावी. सायकलवाट यांचे डास आणि माझी कमळे या दोहोंची सोय त्यात होते. होडीत चढताना एकच पाऊल खाली टाकावे लागते आणि नावाडी हात देतात. आजींना मधल्या फळीवर बसवावे, कडेला बसवू नये, आणि डोक्यावर रुमाल किंवा टोपी हवीच, कारण पाण्यावर छत असलेली होडी मिळेलच असे नाही. रविवारी मात्र हा बेत करू नये. त्या दिवशी बसगाड्या कमी असतात आणि ग्राझियेहून परतताना टॅक्सी शोधत उभे राहावे लागते.